आयत्या बिळावर नागोबा

गेल्या रविवारची गोष्ट. सकाळचा दुसरा चहा चालू होता. आमची लेक नुकतीच बारा वर्षांची झाली, त्यामुळे तिच्या डॉक्टरांनी एचपीव्हीच्या लशीचं नाव एका कागदावर लिहून दिलं होतं आणि तो कागद फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होता. आईने तो वाचला. मग नुसतंच "हं" केलं. आमच्या घरात आईचं "हं" म्हणजे हरकत असते, हे मला चाळीस वर्षांच्या अनुभवाने कळतं.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही. एवढ्या लहान पोरीला कशाला रे असली इंजेक्शनं? तापाबिपाचं असेल तर ठीक. झालंच पुढे काही, तर औषधं निघालीत की आता सगळ्यावर."

बायको माझ्याकडे बघायला लागली. आणि खरं सांगतो, मला नीट उत्तर देता आलं नाही. "डॉक्टर म्हणतायत म्हणजे..." असलं काहीतरी गुळमुळीत बोललो आणि चहाचा कप धुवायला उठलो. (एरवी मी कप धुवत नाही, त्यामुळे सगळ्यांना कळलंच.)

पण आईचं ते वाक्य डोक्यातून जाईना. "औषधं निघालीत की आता सगळ्यावर." आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची एक सवय आहे. एखादी गोष्ट का बिघडते हे कळत नसेल तर आधी कोड उघडून बघायचा. तर हा आठवडाभर रात्री जेवणं झाल्यावर मी या व्हायरसचा कोड वाचत बसलो होतो. जे वाचलं त्यावरून माझं एक ठाम मत झालंय, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे याचा आकार. एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचा सगळा जनुकीय मजकूर म्हणजे डीएनएची जेमतेम ८,००० अक्षरं, गोल कड्यासारखी जोडलेली. डीएनएची अक्षरं चारच, म्हणजे एका अक्षराला दोन बिट पुरतात. करा हिशोब. दोन केबीसुद्धा पुरते भरत नाहीत! तुम्ही आत्तापर्यंत वाचलेला हा मजकूर साठवायला याहून जास्त जागा लागली असेल. माणसाच्या डीएनएत अशी ३०० कोटी अक्षरं असतात.

एवढ्याशा प्रोग्रॅममध्ये काय काय बसवणार? स्वतःच्या प्रती काढायच्या तर यंत्रं लागतात. डीएनएची नक्कल करणारं डीएनए पॉलिमरेज लागतं. डीएनएवरून आरएनए लिहिणारं आरएनए पॉलिमरेज लागतं. कच्चा माल तयार करणारी, पीळ सोडवणारी, तुकडे सांधणारी अशी डझनावारी एन्झाइम्स लागतात. (शाळेत आपण विकरं म्हणायचो तीच.) एचपीव्हीकडे यातलं स्वतःचं एन्झाइम किती? एक. ई१ नावाचं. ते काय करतं, तर डीएनएचा दुहेरी गोफ उलगडतं. बस्स. बाकी सगळं आपल्या पेशीचं वापरायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर हा प्रोग्रॅम जवळपास काहीच स्वतः करत नाही, सगळी लायब्ररी यजमानाची आणि हा नुसता कॉल करतो. मराठीत यासाठी फार आधीपासून चांगला शब्दप्रयोग आहे: आयत्या बिळावर नागोबा.

आता हा नागोबा बिळात शिरतो कसा ते बघा. आपली त्वचा किंवा गर्भाशयाच्या मुखाचं अस्तर हे थराथरांचं असतं. व्हायरसला अगदी खालच्या थरातली पेशी हवी असते, कारण विभाजन होत राहणाऱ्या पेशी तिथे असतात. बारीकशा ओरखड्यातून तो तिथवर पोचतो. पण पोचल्यावर त्याचं बाहेरचं कवच लगेच उघडत नाही. त्यातला एक तुकडा कापावा लागतो. तो कोण कापतं? फ्युरिन नावाचं आपलंच एन्झाइम. एरवी ते आपल्या पेशीतली अर्धवट तयार प्रथिनं कापून कामाला योग्य करतं. म्हणजे दाराची कडीसुद्धा आपणच काढून देतो.

आत गेल्यावर तो काही वर्षं गप्प राहू शकतो. खालची पेशी विभागते तेव्हा तिच्या डीएनएबरोबर याचीही नक्कल होते, फुकटात. खरी अडचण पुढे येते. खालच्या थरातली पेशी हळूहळू वर सरकते, आणि वर जाताना विभाजन कायमचं बंद करते. कारखान्याला टाळं. डीएनए पॉलिमरेज वगैरे यंत्रं आवरून ठेवलेली. आणि व्हायरसला तर नेमक्या याच वरच्या थरात आपल्या हजारो प्रती काढायच्या असतात, कारण तिथूनच त्या बाहेर पडणार.

दुसरा एखादा मोठा व्हायरस असता तर स्वतःचं पॉलिमरेज बरोबर घेऊन आला असता. हर्पिसचा व्हायरस तसं करतो. याच्याकडे तेवढी जागा नाही. मग हा काय करतो, तर बंद पडलेला कारखाना परत चालू करायला लावतो.

त्यासाठी त्याच्याकडे ई७ नावाचं एक छोटं प्रथिन आहे. आपल्या पेशीत आरबी नावाचा एक ब्रेक असतो. 'विभाजनाची वेळ झालेली नाही' असं म्हणून तो यंत्रसामग्रीच्या जनुकांना दाबून धरतो. ई७ जाऊन त्या ब्रेकलाच चिकटतं. ब्रेक सुटला. पेशीला वाटतं, अरे चला, विभागायचंय. लागली ती डीएनए पॉलिमरेज बनवायला, कच्चा माल जमवायला. व्हायरसचं काम झालं.

पण पेशी काही इतकी भोळी नसते. अवेळी कारखाना चालू झाला की पी५३ नावाचं प्रथिन सावध होतं. १९७९ साली ते सापडलं तेही अशाच एका व्हायरसचा अभ्यास करताना. पी५३चं काम म्हणजे गडबड दिसली की पेशीला थांबवायचं, आणि तरी ऐकलं नाही तर तिला आत्महत्या करायला लावायची. म्हणजे एक पेशी मेली तरी चालेल, शरीर वाचलं पाहिजे.

व्हायरसकडे यावरही तोड आहे, आणि वाचताना इथे मी खरंच खुर्चीत सरळ बसलो. ई६ नावाचं त्याचं दुसरं प्रथिन पी५३ला स्वतः मारत नाही. आपल्या पेशीत नको असलेल्या प्रथिनांवर 'कचरा' अशी चिठ्ठी लावणारी एन्झाइम्स असतात. चिठ्ठी लागली की पेशीचं कचरायंत्र त्या प्रथिनाचे तुकडे करतं. ई६ अशाच एका चिठ्ठी लावणाऱ्या एन्झाइमला हाताशी धरतं आणि पी५३पाशी नेऊन उभं करतं. ते बिचारं इमानेइतबारे चिठ्ठी लावतं. रखवालदार कचऱ्यात. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. गंमत म्हणजे आपल्या या एन्झाइमची ओळख शास्त्रज्ञांना व्हायरसमुळेच पटली, त्यामुळे त्याचं नावच पडलं ई६एपी, म्हणजे 'ई६चा जोडीदार'. स्वतःच्या घरात राहून पाहुण्याच्या नावाने ओळखलं जायचं!

आता ब्रेकही नाही आणि रखवालदारही नाही. बहुतेक वेळा तरीही काही बिघडत नाही. आपली रोगप्रतिकारशक्ती वर्ष-दोन वर्षांत या व्हायरसला हुसकावून लावते. पण काही जणींमध्ये तो राहतो. मग दहा-वीस वर्षांत कधीतरी त्याचं ते गोल कडं तुटतं आणि आपल्या डीएनएत जाऊन अडकतं. तुटताना बरेचदा ई२ नावाचं जनुक मोडतं, आणि ई६-ई७ला काबूत ठेवणारं तेच असतं. झालं. लूप चालू झाला आणि त्यातून बाहेर पडायची अटच पुसली गेली. त्यालाच आपण गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर म्हणतो.

या कॅन्सरचा व्हायरसला काहीही उपयोग नाही. अशा पेशीत त्याचे नवे कण नीट बनतसुद्धा नाहीत. त्याला प्रती काढायच्या होत्या, कॅन्सर हा निव्वळ अपघात.

हा लूप किती चिवट आहे याचं उदाहरण जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये आहे. १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स नावाची ३१ वर्षांची बाई याच कॅन्सरने गेली. तिला न विचारता घेतलेल्या तिच्या पेशी, हेला सेल्स, आजही विभागतायत. त्यांच्यात एचपीव्हीचा १८ नंबरचा प्रकार बसलेला आहे, हे १९८०च्या दशकात जर्मनीत हाराल्ड झुर हाउझेन यांच्या गटाने दाखवलं. एचपीव्ही आणि हा कॅन्सर यांचं नातं शोधल्याबद्दल झुर हाउझेन यांना २००८चं नोबेल मिळालं. प्रयोगशाळेत हेला पेशींमधली ती ई६ आणि ई७ बंद केली की त्या पेशी विभागायच्या थांबतात. म्हणजे सत्तरहून जास्त वर्षं झाली तरी तो दोन केबीचा प्रोग्रॅमच गाडी चालवतोय.

आता येतो आईच्या मुद्द्यावर. "औषधं निघालीत की."

बॅक्टेरियाला मारणं त्या मानाने सोपं, कारण बॅक्टेरियाचं स्वतःचं घर असतं. त्याची भिंत आपल्या पेशीला नसते, त्याची प्रथिनं बनवायची यंत्रं आपल्याहून वेगळी असतात. पेनिसिलीन त्या भिंतीवर घाव घालतं आणि आपल्याला सहसा धक्का लागत नाही. हर्पिसवर असायक्लोव्हिर चालतं, तेही असंच. ते औषध हर्पिसच्या स्वतःच्या एन्झाइमनेच चालू होतं, त्यामुळे ज्या पेशीत व्हायरस आहे तिथेच मुख्यत्वे काम करतं. ज्या संशोधनातून ते निघालं त्यासाठी गर्ट्रूड एलियन यांना १९८८चं नोबेल मिळालं.

पण एचपीव्हीवर गोळी झाडायची कुठे? पॉलिमरेज बंद करावं तर ते आपलं. फ्युरिन आपलं. चिठ्ठी लावणारं एन्झाइम आपलं. त्याचं स्वतःचं एन्झाइम एकच, आणि ते अडवणारं औषध अजून बाजारात आलेलं नाही. खास एचपीव्हीला शरीरातून काढून टाकेल अशी मान्यता असलेली गोळी आज नाही. बिघडलेल्या पेशी कापून, जाळून किंवा गोठवून काढता येतात, कॅन्सर झाल्यावर ऑपरेशन, रेडिएशन, केमो आहे. पण व्हायरसवर औषध नाही. ज्याच्याकडे स्वतःचं काही नाही, त्याच्याकडून हिसकावणार काय?

म्हणून माझं मत असं की इथे 'पुढे बघू' हा पर्यायच नाही. जो शिरल्यावर आपल्याच कपड्यांत वावरतो, त्याला दारातच अडवावा लागतो. दारात येताना मात्र त्याच्या अंगावर एक गोष्ट त्याची स्वतःची असते, ते म्हणजे कवच. १९९१ साली ऑस्ट्रेलियात इयान फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी दाखवलं की कवचाचं प्रथिन प्रयोगशाळेत बनवलं की त्याचे पोकळ गोळे आपोआप तयार होतात. आत डीएनए नाहीच. रिकामं पाकीट. लस म्हणजे एवढंच. शरीर ते पाकीट ओळखायला शिकतं आणि खरा पाहुणा आला की पेशीत शिरण्याआधीच त्याला धरतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही भारतीय लस अशीच आहे, तिला २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

यावरूनच बाराव्या वर्षी का, याचंही उत्तर मिळतं. हा व्हायरस मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो, आणि आत बसलेल्याला लस बाहेर काढू शकत नाही. इंग्लंडमध्ये ज्या मुलींना १२-१३व्या वर्षी लस देऊ केली गेली, त्यांच्यात मोठेपणी या कॅन्सरचं प्रमाण ८७ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. ज्यांना १६-१८व्या वर्षी दिली त्यांच्यात फायदा बराच कमी दिसला. भारतात २०२२ या एका वर्षात अंदाजे सव्वा लाख बायकांना हा कॅन्सर झाला आणि ८० हजारांच्या आसपास गेल्या.

आक्षेप आहेत, आणि ते हसण्यावारी नेऊ नयेत. २००९-१०मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये या लशीचा एक प्रकल्प झाला. काही मुलींचे मृत्यू झाले म्हणून तो २०१०मध्ये थांबवला गेला. चौकशीत ते मृत्यू लशीमुळे झाल्याचं आढळलं नाही. पण संमती घेण्यात जो ढिसाळपणा झाला होता, त्यावर संसदीय समितीने २०१३मध्ये सडकून टीका केली. माझ्या मते ती योग्यच होती. गरीब मुलींच्या पालकांना न विचारता काही करायचं नसतं, कारण कितीही चांगलं असो.

त्या स्थगितीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. तेव्हा देशात दोन डोस की तीन, याचा वेगळा अभ्यास चालू होता. बार्शी, पुणे, मुंबई ही त्यातली काही केंद्रं. तोही मध्येच थांबवावा लागला आणि जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. डॉक्टर शंकरनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मुलींची पुढे दहा वर्षं तपासणी चालू ठेवली. एका डोसनेही १६ आणि १८ नंबरच्या चिवट संसर्गापासून ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळाल्याचं दिसलं. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागे हा पुरावाही होता. आपल्याकडच्या मुलींनी जगाला शिकवलेली गोष्ट आहे ही.

आणि ज्यांचं लशीचं वय गेलं त्यांचं काय? तर त्यांच्यासाठी तपासणी. हा आजार दहा-वीस वर्षं घेतो, म्हणजे पकडायला वेळ भरपूर असतो. उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचा धाराशिव) १९९९पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर मोठा अभ्यास झाला, २००९मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटाची एचपीव्हीची तपासणी केली, आयुष्यात एकदाच, त्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ जणी गेल्या. ज्यांची अशी तपासणी झाली नाही त्या गटात ६४. गट साधारण सारखेच.

उस्मानाबाद वाचलं आणि मी थांबलो. माझी मामी तिथली. १९९६ला गेली, त्रेचाळीस वर्षांची होती. कशाने गेली असं विचारलं की घरात एकच उत्तर मिळायचं, "पोटाचं दुखणं." बुधवारी रात्री मामाला फोन केला आणि सरळ विचारलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता रे तिला. अंगावरून जायचं वर्षभर. सांगायची लाज वाटली तिला. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता."

वर्षभर! सतराव्या वर्षी लग्न झालेली, आयुष्यभर शेतात आणि चुलीपुढे राबलेली बाई. तिने काय वाईट केलं होतं? हा संसर्ग इतका साधा आणि सर्रास आहे की बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी होतो. त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. दोन केबीच्या प्रोग्रॅमला चारित्र्य कळत नाही.

काल संध्याकाळी आईला हे सगळं सांगितलं. ई६, ई७ वगैरे तिने ऐकून घेतलं, मला वाटतं माझं मन राखायला. पण मामीचं नाव काढल्यावर ती गप्प झाली. तिला माहीत होतं. सगळ्या बायकांना माहीत होतं. मग म्हणाली, "तिच्या वेळी नव्हतं रे हे काही."

"नव्हतंच," मी म्हटलं. "आता आहे."

थोड्या वेळाने तिने सुनेला विचारलं, "आणि तुझी गं? तुझी ती तपासणी झालीय का?" बायको ४१ वर्षांची आहे. झालेली नव्हती. तिशीनंतर दर पाच-दहा वर्षांनी एकदा केली तरी पुरते, आणि आमच्या सुशिक्षित, हिंजवडीला दोन गाड्या जाणाऱ्या घरात ती एकदाही झालेली नव्हती. मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. मामीला लाज वाटली हे ठीक, आमचं कारण काय?

पुढच्या शनिवारी दोघींची अपॉइंटमेंट घेतली आहे. एकीला लस, एकीला तपासणी. आई म्हणते मीही येते, पोरीचा हात धरायला कुणीतरी हवं.

तुमच्याही घरात कुणीतरी 'पोटाच्या दुखण्याने' गेलेली असेल. एकदा विचारून बघा.